फुली मारलेली त्र्याहत्तर दारं

“जेवढी दारं वाजवली, तेवढ्यांचंच बोलायचं.”

मुक्ताई शेलार हे वाक्य दिवसातून दोनदा तरी बोलायची. खडकी बाजारातल्या तिच्या गल्लीत कोणी सहज विचारलं, “काय हो मुक्ताई, यंदा खडकीला पाणी कसं येतंय?” तर ती म्हणायची, “माझ्या नळाला साडेसहाला येतं. खडकीचं मला ठाऊक नाही.” आणि पाठोपाठ ते वाक्य. माहेरी, म्हणजे आमच्या गावी आली, की बायका तिच्याभोवती गोळा व्हायच्या. कोणाच्या ना कोणाच्या पोरीचं लग्न ठरायचं असायचं. “मुक्ते, पुण्याची पोरं कशी हायेत गं?” असं एखादीनं विचारलं की ती पदरानं वारा घेत म्हणायची, “किती पोरं? कुठल्या पेठेतली? मला एकाचाच अनुभव हाय, त्याच्यासंगं सदतीस वर्षं संसार करतेय. त्याचं सांगू?” बायका खिदळायच्या आणि पुण्याच्या पोरांचा विषय तिथंच राहायचा.

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. गावानं पुण्याला बरीच माणसं दिली. कोणी हमाल झालं, कोणी फौजदार. एक जण साहेब झाला आणि गावची वाट विसरला. पण गावानं पुण्याला दिलेलं सगळ्यात चिवट माणूस कोणतं, असं विचाराल तर मी मुक्ताईचं नाव घेईन. सगळ्या गावाला न विचारताच हे म्हणतोय. तिला कळलं तर रागावेल.

एकोणिसाव्या वर्षी ती एक पत्र्याची ट्रंक घेऊन खडकीला नांदायला गेली. नवरा तिथल्या कारखान्यात होता, आता निवृत्त आहे. मुक्ताई दहावीला पहिल्या खेपेस गणितात नापास झालेली, आणि पुढं सगळा जन्म तिनं आकडे गोळा करण्यात घालवला. सत्तावीस वर्षं ती घरोघर जाऊन सर्व्हे करत होती. संस्था बदलत, साहेब बदलत, प्रश्न बदलत. कधी लसीचे, कधी संडासाचे, कधी दात कशानं घासता याचे. ज्या अहवालांवर मोठमोठी नावं छापली जात, त्यांतला एकेक आकडा अशा बायकांनी उन्हातून चालत आणलेला असतो. मुक्ताईचं नाव कुठल्याच अहवालात नाही. शोधलं तर शेवटच्या पानावर “क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे आभार” एवढी ओळ सापडते.

तिच्या कापडी पिशवीत पुठ्ठ्याचं पॅड, दोन बॉलपेनं, पाण्याची बाटली, छत्री आणि खडूचा एक तुकडा असे. दारात गेली की ती उंबऱ्यापासून एक पाऊल मागं उभी राही. पहिल्यांदा प्यायला पाणी मागे. बाटली जवळ असली तरी मागेच. “आपण काही मागितलं की समोरचं माणूस मोकळं होतं,” असं ती म्हणे. मग संमतीचा मजकूर सावकाश वाचून दाखवी, सही किंवा अंगठा घेई, आणि प्रश्न जसा छापला असेल तसाच विचारी. आपल्या पदरचा एक शब्द घालत नसे. उठताना चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात खडूनं खूण करी. माणूस भेटलं तर गोल. कुलूप असलं तर फुली. ही खूण कोणी सांगितलेली नव्हती. एका दारात दोनदा जाणं होऊ नये म्हणून तिनंच ती सुरू केली होती, आणि पुण्याच्या किती चौकटींवर तिचे गोल आणि फुल्या असतील, याचा हिशेब तिनंही ठेवला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात तिला वाघोलीचं काम मिळालं.

नगर रस्त्याला वाघोलीत आता उंच इमारतींची रांगच्या रांग झाली आहे. त्या इमारतींच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची एक वस्ती आहे. वाशीम, यवतमाळकडून आलेली माणसं तिथं राहतात. पुरुष बांधकामावर जातात, बायका त्याच इमारतींत स्वयंपाकाला आणि साफसफाईला. वस्तीत एका ट्रस्टचं पाळणाघर होतं. आनंदीबाई नावाची एक शांत बाई ते चालवत असे. एका खोलीत चाळीस मुलं मावत, म्हणून चाळीसच घेत. ट्रस्टला वाटू लागलं की एवढ्या मोठ्या वस्तीत चाळीसच मुलं येतात, म्हणजे गरज फारशी नसावी. त्यापेक्षा शिवणवर्ग काढावा. पण असं नुसत्या वाटण्यावर करू नये, म्हणून त्यांनी डेक्कनकडच्या एका संशोधन संस्थेला सर्व्हे करायला सांगितलं.

संस्थेचे प्रमुख केदार सर. हुशार आणि नेमके, बोलणं लिंबू पिळल्यासारखं. हे काम त्यांनी ऋचा नावाच्या मुलीकडं दिलं. ऋचा नुकतीच पीएच.डी. झालेली, मनानं स्वच्छ, पण कामाच्या ढिगाखाली दबलेली. तिनं वस्तीतल्या घरांची यादी केली, त्यातली दोनशे घरं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली आणि मुक्ताईला बसवून सगळं समजावलं. जाता जाता म्हणाली, “आणि मुक्ताई, कुलूप दिसलं तर थांबू नका हं. उजवीकडचं पुढचं घर घ्या. दिवसाला वीस फॉर्म झाले पाहिजेत.”

हा नियम काही नवा नव्हता. सत्तावीस वर्षं मुक्ताई तो पाळत आली होती. कुलूप, फुली, उजवीकडं.

दहा दिवसांत दोनशे फॉर्म भरले. ती रोज अकराला जाई आणि चारला निघे. दोनशेपैकी एकशे अठ्ठ्याहत्तर बायकांनी सांगितलं, पाळणाघर नको, मुलांकडं घरीच लक्ष देतो. शंभरात एकोणनव्वद. ऋचानं अहवालाचा मसुदा लिहिला. त्याच्या शेवटी एक वाक्य होतं: ‘पुण्यातील स्थलांतरित कामगारांच्या वस्त्यांमध्ये पाळणाघराची गरज अत्यल्प आहे.’ ट्रस्टची पुण्यात आणखी पाच पाळणाघरं होती. या एका वाक्यावर तीही बंद होणार होती. दोन आठवड्यांनी बैठक ठरली.

मधल्या काळात ऋचाच्या लक्षात आलं की तीन फॉर्मांवर सह्या राहिल्या आहेत. मुक्ताईकडून अशी चूक कधी होत नसे. मुक्ताई स्वतःवरच चिडली आणि रविवारी सकाळीच वाघोलीला गेली, सोमवारची वाट न पाहता.

रविवारी ती वस्ती तिला ओळखू येईना. सगळीकडं माणसं. दारात कपडे धुणाऱ्या बायका, केस विंचरून घेणाऱ्या पोरी, रस्त्यात उकिडवे बसून दाढी करणारे बाप्ये. आणि ज्या दारांवर फुल्या होत्या ती दारं सताड उघडी. एक फुली, दुसरी फुली, तिसरी. मुक्ताई चालता चालता थांबली. स्वतःच्या हातच्या खुणा ती अशी कधी वाचत गेली नव्हती.

शेवटच्या रांगेत फुलीच्या एका दारात एक तरणी बाई भांडी घासत होती. सलोनी तिचं नाव, वाशीमकडची. तिची पाच वर्षांची पोरगी संस्कृती शेजारी बसून राखेनं ताटली घासायचं सोंग करत होती. पोरीनं मान वर केली आणि आईचा पदर ओढला.

“आई, हेच ते खडूवाली बाई. मी भोकातून पाह्यली होती.”

मुक्ताईला आधी कळलं नाही. “कुठल्या भोकातून गं?”

पोरीनं दाराशेजारच्या पत्र्याकडं बोट केलं. तिथं खिळा निघून पडलेलं रुपयाएवढं भोक होतं.

सलोनीचा हात थांबला. खाली बघतच ती बोलली, “मावशी, मी साताले कामावर जातो न चाराले येतो. पाळणाघरात जागा नाही म्हंतात. मंग बिस्किटाचा पुडा ठेवतो न बाहेरून कुलूप लावतो. काय करू?” मग एकदम मान वर करून म्हणाली, “अन् आता तं ते पाळणाघरच बंद होते म्हंतात. कोनी सांगतलं गरज नाही म्हून? तुमी आमाले इचारलं कुठी?”

“शेजारी विचारलं,” मुक्ताई कशीबशी म्हणाली.

“शेजारी म्हतारी राह्यते. तिले काय करा लागते पाळणाघर?”

मुक्ताई तिथून उठली आणि वस्तीच्या टोकाला पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसली. हे तिनं पुढं माझ्या धाकट्या बहिणीला सांगितलं, तेव्हा एवढंच म्हणाली, “मी त्या कुलपावर फुली मारली, आणि आतून ती मला बघत होती.” टाकीजवळ बसूनच तिनं पिशवीतून वही काढली. या वहीत ती रोजच्या गोल-फुल्या लिहून ठेवी. फॉर्मवर कुलपाची नोंद नसते. कुलूप उजवीकडच्या घरात विरघळून जातं. पण वहीत ती होती. मुक्ताईनं मोजली. त्र्याहत्तर.

ती बुधवार पेठेत गेली आणि पुस्तकांच्या दुकानांच्या गर्दीतल्या एका झेरॉक्सवाल्याकडून कोऱ्या फॉर्मच्या त्र्याहत्तर प्रती काढून आणल्या. झेरॉक्सवाला म्हणाला, “मावशी, अजून सात काढा, ऐंशीचा आकडा गोल होईल.” मुक्ताई म्हणाली, “मला गोल नको, फुल्या हव्यात.” तो बिचारा काही समजला नाही.

सकाळी सहाला वाघोलीत पोचायचं तर खडकीहून निघून जमणार नव्हतं. आनंदीबाई म्हणाली, “पाळणाघरातच राहा की. रात्री खोली मोकळी असते.” मुक्ताईनं मान हलवली. “पाळणाघरात झोपायचं आणि पाळणाघराविषयी विचारत फिरायचं? उद्या कोणी म्हणालं, जिथं राहिली तिथले गुण गायली, तर त्याला मी काय सांगू?” माझी बहीण वाघोलीतच राहते. मुक्ताई नऊ दिवस तिच्याकडं उतरली. त्यामुळं पुढचं मला कळलं.

रोज पहाट सरताना, टँकर यायच्या वेळेला ती वस्तीत शिरे. हंड्यांच्या रांगेत बायका सापडत, पण रांगेत ती कोणाला एक प्रश्न विचारीत नसे. “रांगेत सगळ्या एकमेकींसारखंच बोलतात,” ती माझ्या बहिणीला म्हणाली. हंडा भरून बाई घराकडं निघाली की ही मागोमाग जाई, उंबऱ्यापासून एक पाऊल मागं उभी राही आणि पाणी मागे. बायका हसत. “मावशी, आत्ता तर भरून आनलं, लगेच मागता?” मग तीच संमती, तेच सतरा प्रश्न, त्याच शब्दांत. दार झालं की जुन्या फुलीभोवती गोल काढी. फुली पुसत नसे. बहिणीनं विचारलं, “पुसून नवी खूण करत का नाही?” तर म्हणाली, “पुसली तर चूक दिसणार नाही.”

एक बाई म्हणाली, “लिवा मावशी, समद्याइले गरज हाय.” मुक्ताई म्हणाली, “सगळ्यांचं सगळ्या सांगतील. तुमचं काय ते सांगा.” एकीनं सांगितलं, पुढच्या महिन्यात सासू येणार आहे, मला नको. मुक्ताईनं लिहिलं, नको. एक जण म्हणाला, आमच्या जातीत लेकरू दुसऱ्याच्या हवाली करत नाहीत. तेही लिहिलं. नवव्या दिवशी त्र्याहत्तरपैकी सहासष्ट दारं झाली होती. सत्तेचाळीस घरांना पाळणाघर हवं होतं, एकोणीस घरांना नको. सात दारं पहाटेही बंद, रविवारीही बंद. ती सात तिनं वहीत वेगळ्या पानावर लिहिली.

दहाव्या दिवशी ती संस्थेत गेली.

केदार सरांनी फॉर्मांच्या गठ्ठ्याकडं पाहिलं आणि चष्मा काढला. “शेलारबाई, आम्ही समजत होतो आपण सुट्टीवर आहात. आपण तर पीएच.डी. करत होतात.”

“नाही सर. दारं वाजवत होते.”

तिनं सगळं सांगितलं. ऋचाचा चेहरा उतरत गेला. पण ती अभ्यासाची मुलगी. तिनं तिचं म्हणणं मांडलंच. “मुक्ताई, रागावू नका. पण याला रिसर्च नाही म्हणता येणार. रिसर्चची पद्धत आधी ठरते. तुम्हाला एक गोष्ट खुपली आणि तुम्ही ती शोधायला गेलात. जे शोधायला जातो ते सापडतंच.”

“खरं आहे मॅडम,” मुक्ताई म्हणाली. “मलाही तीच भीती होती. म्हणून मी एकही दार माझ्या मनानं निवडलं नाही. तुमच्या यादीतलीच घरं. आधी तीच निवडली होती तुम्ही. फुल्या होत्या तिथंच गेले, फुली नव्हती तिथं एक पाऊल टाकलं नाही. ज्यांना नको त्यांचं नको लिहिलंय. हा बघा चौथा फॉर्म.”

ऋचानं तो वाचला.

“आता मी एक विचारते,” मुक्ताई पुढं म्हणाली. “पाळणाघर कोणाला लागतं? जिच्या दाराला दिवसा कुलूप असतं तिला. आपण पाळणाघराचा सर्व्हे काढला, दिवसा गेलो आणि कुलूपवाल्या बायका तेवढ्या गाळल्या. हा रिसर्च. आणि मी त्यांना विचारून आले, तो नाही?”

केदार सरांनी चष्मा परत लावला. “दोनशे फॉर्म आपणच भरलेत. आता आपणच म्हणता ते चुकीचे?”

“फॉर्म बरोबर आहेत सर. त्या दोनशे बाया खोटं बोलल्या नाहीत. चूक दारं निवडण्यात झाली. नियम तुमचा होता, पण हात माझा होता. मी सत्तावीस वर्षं कुलपांना पाठ दाखवून उजवीकडं वळत आलेय. किती सर्व्हे असे झाले असतील, ते मला माहीत नाही. याचं माहीत आहे.”

“म्हणजे परवा ट्रस्टसमोर जाऊन सांगायचं, आमचं चुकलं.”

“हो.”

“इतकं सोपं?”

“सोपं नाही सर. मला नऊ दिवस लागले.”

केदार सर वाईट माणूस नव्हेत. पण संस्थेच्या नावाला त्यांनी वीस वर्षं जपलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, “आपण बैठकीला यायचं म्हटलंत तर मी अडवणार नाही. मात्र पुढच्या कामांच्या याद्या मीच करतो, एवढं लक्षात असू द्या.”

“लक्षात आहे,” मुक्ताई म्हणाली आणि गठ्ठ्याला दोरी बांधली.

त्या दिवशी घरी नवऱ्यानं तिला विचारलं, काम गेलं तर काय करशील. ती म्हणाली, “काम गेलं तर काम जाईल. पण त्या पोरीला मी आता दिसलेय. दुसऱ्यांदा पाठ फिरवली तर तीही तिला दिसेल.” नवऱ्यानं तिची नेहमीची पिशवी झटकून खुंटीला लावली, सकाळी हाताशी यावी म्हणून.

बैठक संस्थेच्याच हॉलमध्ये झाली. ट्रस्टचे चिटणीस पृथ्वीराज, चाळिशीतला, भला पण घाईचा माणूस. शिवणयंत्रं कोणती घ्यायची तेही त्यानं ठरवून टाकलं होतं. पडद्यावर ऋचाचा तक्ता आला: शंभरात एकोणनव्वद. “क्लिअर आहे की,” पृथ्वीराज म्हणाला. “वाघोलीचं या महिन्यात बंद करू, बाकीची पाच मार्चनंतर.”

मुक्ताई शेवटच्या खुर्चीवर बसली होती. ती उठली. कोणी तिला बोलायला सांगितलं नव्हतं.

“साहेब, तो तक्ता माझ्या हातचा आहे. त्यात जी घरं आहेत ती दिवसा उघडी असलेली. जी बंद होती, ती मी गाळली.”

मग तिनं त्र्याहत्तर फुल्यांचं सांगितलं. सहासष्ट दारांचं, सत्तेचाळीस घरांचं, एकोणीस घरांचं. आवाज वर नेला नाही. शेवटी भोकाचं सांगितलं. बिस्किटाच्या पुड्याचं सांगितलं. सांगताना ती अडखळली नाही, कारण हेही तिच्यासाठी नोंदीसारखंच होतं, जसं पाहिलं तसं.

पृथ्वीराजनं टेबलावरचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. त्याला घरी चार वर्षांची मुलगी होती, हे मला मागाहून कळलं. तो एकदम म्हणाला, “ओके. म्हणजे सगळं उलटं आहे! पुण्यातल्या प्रत्येक वस्तीला पाळणाघर हवंय. ऋचा मॅडम, हेच लिहा. मी सगळ्या देणगीदारांना पाठवतो.”

केदार सरांच्या चेहऱ्यावर थोडी सुटका दिसली. संस्थेची चूक एका मोठ्या वाक्याखाली झाकली जात होती. ऋचानं पेन उचललं.

“असं लिहू नका,” मुक्ताई म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले.

“अहो बाई, मी तुमच्याच बाजूनं बोलतोय!” पृथ्वीराज म्हणाला.

“माझी बाजू नाही साहेब. माझ्याकडं दारं आहेत. दोनशे आणि त्र्याहत्तर, सगळी वाघोलीच्या एका वस्तीतली. त्यातली सात अजून उघडलेली नाहीत. तुमच्या बाकी पाच वस्त्यांत मी गेलेच नाही. तिथं सासवा असतील, नसतील. तिथल्या बायका कदाचित रात्रपाळीला जात असतील, दिवसा झोपत असतील. आधी एका वस्तीवरून सगळ्या पुण्याला ‘नको’ लिहिलं, आता त्याच वस्तीवरून ‘हवं’ लिहायचं. चूक तीच. नुसता शब्द बदलला.”

“मग मी बाकीच्या पाचांचं करू काय?”

“दारं वाजवा. आणि कुलूप दिसलं तर उजवीकडं वळू नका. परत जा.”

हॉलमध्ये कुणीतरी हसलं, पण ते हसणं पुढं गेलं नाही. केदार सर खिडकीबाहेर बघत राहिले. तेवढ्यात ऋचा उभी राहिली. “अहवालातलं शेवटचं वाक्य मी मागं घेते. त्या वाक्याला आमच्याकडं आधार नव्हता. वाघोलीच्या या वस्तीपुरतं काय दिसलं आणि कुठली घरं राहिली, एवढंच मी लिहीन. सर, माझी सही आहे त्याच्यावर, मी ते बदलणार आहे.”

केदार सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग मुक्ताईकडं. “आज सगळेच आम्हाला शिकवायला आलेले दिसतात,” ते म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

वाघोलीचं पाळणाघर बंद झालं नाही. शिवणवर्गासाठी पाहून ठेवलेली शेजारची खोली तूर्त मुलांना दिली. बाकी पाच वस्त्यांचा सर्व्हे नव्यानं करायचं ठरलं, पहाटे आणि रविवारी. त्या कामाची यादी निघाली तेव्हा त्यात चार बायकांची नावं होती. मुक्ताई शेलार हे नाव नव्हतं. ऋचानं दोनदा विचारलं. केदार सर म्हणाले, “वयाचा विचार करावा लागतो.” मुक्ताई छप्पन्न वर्षांची आहे.

त्या पाच वस्त्यांचं काय निघालं, हे मी सांगू शकत नाही. ते काम अजून चालू आहे. काहीजण म्हणतात, कुठंतरी खरंच पाळणाघर नकोय. असेलही.

पण नंतरच्या सोमवारी सकाळी सव्वासहाला मी बहिणीकडं होतो आणि मुक्ताईसोबत वस्तीपर्यंत चालत गेलो. मी विचारलं, “आता कशाला? अहवाल गेला, यादीत तुझं नाव नाही.” ती म्हणाली, “सात दारं राहिलीत. ती आता कोणाच्या यादीत नाहीत, माझ्या वहीत आहेत.”

पाळणाघराच्या दारात ऋचा उभी होती. पहिली बस पकडून आलेली, डोळ्यांत झोप, हातात नवंकोरं पॅड. “मीही येते,” ती म्हणाली. मुक्ताईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “बाटली आणलीत ना? लपवा ती. आधी पाणी मागायचं. पाणी मागायला लाजलात तर सतरा प्रश्न फुकट जातील.” मग वहीचं पान फाडून तिनं तीन दारं ऋचाला दिली आणि चार स्वतःकडं ठेवली.

तेवढ्यात सलोनी संस्कृतीला घेऊन आली. पोरीच्या केसांना तेल, पाठीवर छोटं दप्तर. आनंदीबाईनं तिचा हात धरला. सलोनीनं कमरेचा पदर घट्ट केला आणि कामाला निघाली, मुक्ताईकडं पाहून नुसती मान हलवून.

मुक्ताईनं पिशवीतून खडू काढला, मुठीत धरला आणि पत्र्याच्या खोल्यांमधल्या अरुंद वाटेनं चालू लागली. तिची चाल सावकाश आहे, पण मध्ये कुठं थांबत नाही. ऋचा आपल्या कागदाकडं बघायचं विसरून तिच्याकडं बघत राहिली. मीही बघत होतो. आणि पाळणाघराच्या उघड्या दारात, उंबऱ्यावर दोन्ही पाय जोडून, संस्कृती उभी होती. खडूवाली बाई शेवटच्या रांगेत वळून दिसेनाशी झाली तरी ती पोरगी तिथून हलली नाही.